खाडीकाठी आलेले ग्रंथ : प्रस्तावना

इसवी सनाच्या सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या एका माजी व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत एक ग्रंथ लिहिला. कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस या नावाने तो ओळखला जातो आणि त्याच्या ग्रंथाचे नाव आहे ‘ख्रिस्ती भूवर्णन’. पृथ्वी सपाट आहे हे सिद्ध करण्यासाठी त्याने केलेला खटाटोप आज कोणी मनावर घेत नाही, पण हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची त्याने दिलेली माहिती इतिहासकारांना अजून लागते. ‘कल्लियाना’ बंदरातून पितळ, शिसवी लाकूड आणि कापड बाहेर जाते, असे तो सांगतो. तिथे ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिच्यासाठी पर्शियातून नेमलेला बिशप असतो, हेही तो नोंदवतो. हे बंदर म्हणजे उल्हास नदीवरचे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते कर्नाटकाच्या किनाऱ्यावर शोधणारेही काही आहेत. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत याच भागात आलेले कल्लिएना आणि कान्हेरीच्या शिलालेखांतले कल्याणचे दाते एकत्र पाहिले की मला पहिलेच मत पटते.

त्याच ग्रंथाच्या सातव्या भागातला एक मजकूर मला बंदरांच्या यादीइतकाच महत्त्वाचा वाटतो. नव्या करारातल्या काही पत्रांविषयी कॉस्मस म्हणतो की, ती फार पूर्वीपासून शंकास्पद मानली गेली आहेत. सिरियन लोकांकडे तर त्यांपैकी तीनच आहेत : याकोबाचे एक, पेत्राचे एक आणि योहानाचे एक. पर्शियातल्या चर्चची धर्मभाषा सिरियाक होती आणि तिच्या प्रमाण बायबलला ‘पेशित्ता’ म्हणतात. पेशित्तातल्या नव्या करारात बावीसच पुस्तके आहेत. पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे दुसरे व तिसरे पत्र, यहूदाचे पत्र आणि प्रकटीकरण ही पाच त्यात नाहीत. म्हणजे कल्याणच्या वस्तीत पर्शियाहून बिशप येत असेल, तर त्याच्याबरोबर आलेले बायबल हे बावीस पुस्तकांच्या नव्या कराराचे असणार. हा तर्क आहे, कारण त्या वस्तीतल्या पोथीचे एक पानही आज उरलेले नाही. तरीही आपल्या परिसरातल्या बायबलविषयीचा सर्वांत जुना प्रश्न हाच ठरतो की, त्यात पुस्तके किती होती?

हा प्रश्न कॉस्मसच्या काळात सुटला आणि संपला, असे झालेले नाही. ठाण्यातल्या सिनेगॉगमध्ये जे धर्मशास्त्र मानले जाते त्यात चोवीस पुस्तके आहेत. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जे बायबल वाचले जाते ते रोमन कॅथलिकांचे आणि त्यात त्र्याहत्तर पुस्तके आहेत. कल्याण-डोंबिवलीतल्या प्रोटेस्टंट घरात कपाटावर ठेवलेल्या ‘पवित्र शास्त्रा’त सहासष्ट. सीरो-मलबार चर्चचा कल्याण धर्मप्रांत १९८८ मध्ये स्थापन झाला. त्या परंपरेचे लोक आज सत्तावीस पुस्तकांचा नवा करार वाचतात, पण त्यांचे पूर्वज ज्या सिरियाक पोथ्यांवर वाढले त्यांचे मूळ कॉस्मसने सांगितलेल्या बावीसांच्या परंपरेतच आहे. लोकल गाडीने अर्ध्या तासात पार होणाऱ्या अंतरात ‘बायबल’ या एका नावाखाली हे सारे नांदते. बायबल कुठे, कधी, कोणी ठरवले आणि कोणाच्या हातांनी ते पुढे आले हे मराठी वाचकाला समजावे, एवढ्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे. श्रद्धेचा निवाडा करण्यासाठी ते लिहिलेले नाही.

सहासष्टांतून नव्या कराराची सत्तावीस वगळली की उरलेली एकोणचाळीस आणि ज्यूंची चोवीस, या आकड्यांतला फरक मोजण्याच्या रीतीचा आहे. ज्यू परंपरेत बारा लहान संदेष्ट्यांचे मिळून एक पुस्तक धरतात. शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग करत नाहीत. एज्रा आणि नहेम्या एकत्र ठेवतात. तीच चोवीस पुस्तके प्रोटेस्टंटांच्या जुन्या करारात एकोणचाळीस होतात. मजकूर तोच, क्रम मात्र वेगळा. ज्यू बायबल तोरा, नेविईम आणि केतुविम अशा तीन भागांत येते आणि इतिहासाच्या पुस्तकाने संपते. ख्रिस्ती जुना करार मलाखी या संदेष्ट्यापाशी थांबतो आणि पुढे मत्तयाचे शुभवर्तमान सुरू होते. क्रम बदलला की पुस्तकाचा रोख बदलतो. याचा विचार पहिल्याच प्रकरणात सविस्तर केला आहे.

त्र्याहत्तरचा प्रश्न वेगळा आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ग्रीक बोलणाऱ्या ज्यूंनी आपली शास्त्रे ग्रीकमध्ये आणली. या ‘सेप्टुअजिंट’ परंपरेत तोबीत, युदीथ, शलमोनाचे ज्ञान, बेन सिराख, बारूख आणि मक्कबींची पुस्तकेही वाचली जात. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांचे बायबल हेच ग्रीक बायबल होते. लॅटिन भाषांतर करताना जेरोमने हिब्रू मुळाकडे वळण्याचा आग्रह धरला आणि हिब्रूत नसलेल्या पुस्तकांना दुय्यम मानले, पण लॅटिन चर्चने ती सोडली नाहीत. १५४६ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने त्यांना अधिकृत मान्यता दिली. त्याआधी, १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलमध्ये, मार्टिन ल्यूथरने ही पुस्तके दोन करारांच्या मध्ये वेगळी ठेवली होती. वाचायला उपयुक्त, पण शास्त्राच्या बरोबरीची नाहीत, ही त्याची भूमिका.

नव्या कराराची सत्तावीस पुस्तकांची आज ओळखीची यादी नेमकी तशीच प्रथम दिसते ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ३६७ मध्ये लिहिलेल्या ईस्टरच्या पत्रात. येशूच्या काळापासून ते पत्र तीनशेहून अधिक वर्षे दूर आहे. दरम्यान वेगवेगळ्या गावांतल्या मंडळ्यांनी वेगवेगळ्या याद्या वापरल्या. एखाद्या बादशहाने एका सभेत बसून बायबल ठरवले, ही लोकप्रिय कथा खरी नाही. निसियाच्या ३२५ च्या परिषदेने पुस्तकांची यादी केली नाही. पुस्तके वाचण्यातून, नकला काढण्यातून आणि वादांतून पक्की होत गेली. सिरियाक जगात ती वेगळ्या रीतीने पक्की झाली, म्हणून कल्याणला वेगळे बायबल आले असणार.

१३२१ मध्ये ठाण्यात लॅटिन आणि सिरियाक ही दोन जगे समोरासमोर आली. तोलेंतिनोचा थॉमस, पाद्वाचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री हे चौघे फ्रान्सिस्कन मठवासी चीनकडे जाताना ठाण्यात उतरले. तिथे स्थानिक सत्तेशी झालेल्या धर्मवादात त्यांचा वध झाला. त्यांचा सोबती, सेव्हराकचा जॉर्डन, यामुळे आणि पुढे ओडोरिक या प्रवाशामुळे ही हकिगत युरोपात पोहोचली. ओडोरिकने या चौघांची हाडे चीनपर्यंत नेली. त्याच्या वृत्तान्तात एक बारीक तपशील आहे : ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पर्शियातल्या सिरियाक चर्चच्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती आणि हे मठवासी त्यांतल्या एका घरी उतरले होते. पाहुणे लॅटिन परंपरेतले, यजमान सिरियाक. पाहुण्यांच्या बायबलच्या शेवटी प्रकटीकरण होते. यजमानांच्या परंपरेतल्या बायबलमध्ये ते पुस्तकच नव्हते. त्या घरात यावर काही बोलणे झाले की नाही, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. हुतात्म्यांची कथा सांगताना ही पंधरा घरे मागे पडतात, याचे मला वाईट वाटते. ती घरे पोथ्या सांभाळत असतील, पण त्यांचा मागमूस उरला नाही.

केरळात मात्र ती परंपरा उरली, आणि तिथेच तिच्यावर आघातही झाला. गोव्याचा आर्चबिशप आलेइशो द मेनेझेस याने १५९९ मध्ये उदयंपेरूर येथे धर्मसभा भरवली. सिरियाक पोथ्या लॅटिन बायबलशी ताडून ‘दुरुस्त’ कराव्यात, नसलेली पुस्तके आणि उतारे घालावेत, आक्षेपार्ह पोथ्या नष्ट कराव्यात, असे तिथे ठरले. संहितेच्या इतिहासात असे उघड हुकूम क्वचित सापडतात. बहुतेक बदल मुकाट्याने, एकेका लेखनिकाच्या हातून होतात. त्यातूनही काही पोथ्या वाचल्या. क्लॉडियस ब्यूकॅनन याला १८०६ मध्ये केरळच्या सिरियन चर्चकडून मिळालेली एक प्राचीन सिरियाक पोथी आज केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

संहिता हा विषय मराठी वाचकाला परका नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण तोवरच्या नकलांत पाठ बिघडले होते. वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक पोथी १९०९ मध्ये प्रसिद्ध केली आणि त्या पोथीवरून मोठा वाद झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताच्या शेकडो हस्तलिखितांची तुलना करून विष्णू सीताराम सुकथनकरांच्या पद्धतीने चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ते काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. पोथ्यांची कुळे लावणे, कोणती पोथी कोणावरून उतरली हे ओळखणे, समासातली टीप मजकुरात कधी शिरली हे शोधणे, या शास्त्राची बरीचशी हत्यारे युरोपात बायबलच्या आणि ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या अभ्यासात घडली होती. सुकथनकर शिकले ते बर्लिनला. त्यामुळे बायबलच्या पाठभेदांविषयी बोलताना मराठी वाचकासमोर मी कुठलाही आडपडदा ठेवलेला नाही.

बायबलमध्ये काहीच बदलले नाही असे सांगणारे आणि सगळेच बदलले असे सांगणारे, दोघेही पोथ्या न पाहता बोलतात. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांत १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत एस्तेरचे पुस्तक सोडून हिब्रू बायबलमधल्या प्रत्येक पुस्तकाचे अवशेष आहेत. तिथली यशयाची मोठी गुंडाळी इसवी सनापूर्वीच्या काळातली आहे. आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण हिब्रू पोथी म्हणजे १००८ च्या सुमारास लिहिलेली लेनिनग्राड पोथी. दोहोंत हजार वर्षांहून अधिक अंतर आहे, तरी यशयाचा मजकूर मोठ्या प्रमाणात जुळतो. फरक आहेत ते बहुतांशी अक्षरलेखनाचे आणि व्याकरणाचे. त्याच गुहांत यिर्मयाचे काही तुकडे असे निघाले की ते प्रचलित हिब्रूशी जुळत नाहीत, ग्रीक बायबलमधल्या आखूड यिर्मयाशी जुळतात. ग्रीक यिर्मया हिब्रूपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने लहान आहे आणि आता ती भाषांतरकाराची काटछाट मानता येत नाही. एका पुस्तकाच्या दोन हिब्रू आवृत्त्या एकाच काळी नांदत होत्या. तोबीतचेही अरामी आणि हिब्रू तुकडे तिथे मिळाले.

नव्या कराराच्या ग्रीक हस्तलिखितांची संख्या पाच हजारांच्या वर आहे, आणि त्यांत पाठभेद विपुल आहेत. बहुतेक भेद क्षुल्लक. काही मोठे. मार्काच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख पोथ्यांत नाहीत. व्यभिचारात सापडलेल्या स्त्रीची, दगड उचललेल्या जमावाची, योहानाच्या आठव्या अध्यायातली कथा सर्वांत जुन्या पोथ्यांत येत नाही. लोकांच्या मनात येशूचे जे चित्र आहे, त्यात ही कथा किती आत रुजली आहे हे सांगायला नको. ती मूळ संहितेत नव्हती हे मला मान्य आहे. ती जुनी आणि मोलाची आहे हेही मला मान्य आहे. उदयंपेरूरला सिरियाक पोथ्यांत घालायला सांगितलेल्या उताऱ्यांत तीही होती.

आता ठाण्याच्या सिनेगॉगकडे. १८७९ मध्ये बांधलेल्या या वास्तूचे नाव ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचे द्वार. कोकणातल्या गावांतून नोकरीनिमित्त आलेल्या बेने इस्रायल कुटुंबांनी ते उभारले. १९४८ नंतर असंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, तरी भारतातल्या बेने इस्रायलांची एक मोठी वस्ती आजही ठाण्यात आहे. या समाजाची कथा या पुस्तकातल्या एका पूर्ण प्रकरणाची आहे आणि मला ती सर्वांत जवळची वाटते. परंपरा अशी की त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. सामान आणि ग्रंथ बुडाले. पुढे कित्येक शतके ते तेलाचे घाणे चालवत राहिले, शनिवारी काम बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. सुंता, खाण्याचे नियम आणि काही सण त्यांनी सांभाळले. तोरातली एकच गोष्ट त्यांच्या तोंडी राहिली, ती म्हणजे ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली ‘शेमा’ची प्रार्थना. लग्न असो, सुंता असो वा अंत्यविधी, तीच म्हटली जाई. एरवी बायबलच्या इतिहासात आपण पोथ्यांच्या मागे असतो. इथे पोथी नव्हती, आणि एका वचनावर समाज ज्यू राहिला.

ग्रंथ त्यांच्याकडे परत आला तो अनेक वाटांनी. कोचीनचे ज्यू शिक्षक आले. मुंबईत १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिले सिनेगॉग बांधले. आणि तिसरी वाट होती ख्रिस्ती मिशनऱ्यांची. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले; १८१८ मध्ये जॉन निकोल्स यांनी ठाण्यात ठाणे मांडले. त्यांच्या शाळांत बेने इस्रायल मुले शिकू लागली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले. हेतू धर्मांतराचा होता हे त्यांनी लपवले नाही. घडले ते वेगळे : जुना करार मराठीत हाती आल्यावर आणि हिब्रू वाचता येऊ लागल्यावर हा समाज आपल्या धर्मात अधिक पक्का झाला. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुण्यात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या विधीची ‘हगादा’ मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्या चित्रांतल्या स्त्रिया लुगडे नेसलेल्या आहेत. अब्राहाम-योसेफांच्या कथांची मराठी कीर्तने याच समाजाने रचली आणि सादर केली. हरदास उभा राहून पूर्वरंग-उत्तररंग मांडतो आणि आख्यान उत्पत्तीच्या पुस्तकातले आहे, यापेक्षा बायबलचे मराठीत रुजणे आणखी कसे दाखवावे?

सिनेगॉगमधली सेफर तोरा मात्र छापलेली नसते. पशूच्या कातड्यावर, शाईने, हाताने, स्वरचिन्हांशिवाय ती लिहितात. तिची ३,०४,८०५ अक्षरे परंपरेने मोजलेली आहेत. एक अक्षर तुटले तरी दुरुस्ती होईपर्यंत ती वाचनाला चालत नाही. निरुपयोगी झाली तर ती पुरतात. जुन्या हिब्रू पोथ्या इतक्या थोड्या उरल्या, त्याचे हेही एक कारण आहे.

मराठीत बायबलचे पहिले मोठे रूप हे भाषांतराचे नव्हते. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध, रोमन लिपीत, कारण नागरीचा खिळा उपलब्ध नव्हता. ट्रेंटनंतरच्या कॅथलिक जगात लोकभाषेत सरळ बायबल देण्यावर बंधने होती; पुराण सांगणे शक्य होते. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मत्तय आणि १८११ मध्ये मोडी लिपीत नवा करार मराठीत छापला. अमेरिकन मिशनचा नवा करार १८२६ मध्ये मुंबईत पूर्ण झाला. त्याच वर्षी लंडनच्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने ठरवले की तोबीत-मक्कबी आदी पुस्तकांसाठी पैसा खर्चायचा नाही. मराठी प्रोटेस्टंट बायबल सहासष्ट पुस्तकांचे झाले त्यामागे धर्मतत्त्वाइतकाच हा निधीचा निर्णयही आहे. वसईकडच्या कॅथलिकांना आपल्या परंपरेचे मराठी बायबल मिळायला कितीतरी वर्षे लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्या वाटेवरचे आपल्या काळातले मोठे काम. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होती.

या छपाईचा मराठीवर झालेला परिणाम धर्मापुरता राहिला नाही. अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहम यांनी नागरीचे सुबक खिळे पाडले. निर्णयसागरचे जावजी दादाजी याच छापखान्यात काम शिकले. ज्या निर्णयसागरने संस्कृत काव्ये आणि शास्त्रग्रंथ घरोघरी पोहोचवले, त्याच्या खिळ्यांचा वंश बायबलच्या छापखान्याशी जोडलेला आहे.

मराठी भाषांतरकारांपैकी पंडिता रमाबाईंविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये, उतारवयात, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतवर असामान्य प्रभुत्व असलेल्या बाईंनी ती केली, म्हणून तिला वजन आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, त्याच्या थोडे आधी काम पुरे झाले. मिशनमधल्या स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले आणि १९२४ मध्ये ते बाहेर आले. या भाषांतराचा प्रसार फार झाला नाही. मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला जेवढी जागा मिळाली, तेवढ्याने माझे समाधान होत नाही. पुढे एका प्रकरणात त्याची प्रचलित भाषांतराशी कलमवार तुलना दिली आहे.

शेवटी वाचकाच्या सोयीसाठी काही गोष्टी. पुस्तकांची नावे मराठी बायबलमध्ये रूढ आहेत तशीच ठेवली आहेत : मत्तय, यशया, निर्गम, स्तोत्रसंहिता. ज्यू परंपरेविषयी बोलताना त्यांची हिब्रू नावे वापरली आहेत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातल्या स्टीफन लँग्टनच्या नावावर आहे आणि नव्या करारातल्या वचनांचे क्रमांक रोबेर एतिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ मध्ये दिले, म्हणून क्रमांकांवरून कोणी मूळ लेखकाचा हेतू काढू नये. स्तोत्रांच्या बाबतीत विशेष सांभाळावे. जुन्या लॅटिन-ग्रीक क्रमांत बहुतेक स्तोत्रे हिब्रूच्या एक अंक मागे आहेत. मेंढपाळाचे प्रसिद्ध तेविसावे स्तोत्र ठाण्याला आलेल्या त्या मठवाशांच्या परंपरेत बाविसावे होते. या पुस्तकात सर्वत्र हिब्रू क्रमांक दिले आहेत. जिथे लॅटिन क्रमांक आवश्यक आहे, तिथे तो कंसात दिला आहे.